कागदाच्या चार कोपऱ्यांचें मोल

अमेरिकेच्या ओहायो राज्यांत डिफायन्स नांवाचें एक लहानसें गांव आहे. २०१२ सालीं तेथील एका जुन्या घराचा माळा रिकामा करण्याचें काम चाललें होतें. घराचे मूळ मालक केव्हांच निवर्तले होते, आणि मागें राहिलेल्या सामानाची आवराआवर नातवंडांच्या वांट्यास आली होती. एका लांकडी बाहुलीघराखालीं काजळीनें माखलेलें पुठ्ठ्याचें एक खोकें निघालें. आंत सुतळीनें बांधलेल्या रंगीत कागदांच्या गड्ड्या होत्या, व प्रत्येक कागदावर एकेका खेळाडूचें चित्र होतें. ज्याच्या हातीं तें खोकें आलें त्याला त्यांत विशेष कांहीं वाटलें नाहीं. तें बाजूस ठेवून तो पुढच्या कामास लागला.

पुढें एका लिलाव-पेढीकडून तपासणी झाली तेव्हां उलगडा झाला. १९१०च्या सुमारास मिठाईबरोबर फुकट वांटलेलीं हीं बेसबॉलपटूंचीं कार्डें होतीं, संख्येनें सुमारें सातशें, आणि शंभर वर्षांत त्यांस बहुधा कोणाचा हातही लागला नव्हता. त्याच वर्षीं त्यांतील अवघीं ३७ कार्डें लिलावांत गेलीं व साडेपांच लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. वीस चुलत-आते-मामेभावंडांनीं तो ठेवा सारखा वांटून घेतला. वांटणीवरून कोर्टाची पायरी चढावी लागली नाहीं, हेंही त्या खोक्याइतकेंच दुर्मिळ म्हटलें पाहिजे.

परंतु ही वार्ता देशभर पसरली तेव्हां अमेरिकेंतील असंख्य घरांत शिड्या लावून माळे धुंडाळले गेले असतील, आणि त्यांपैकीं बहुतेकांच्या पदरीं निराशाच आली असेल. तेथें बापाचें, काकाचें किंवा स्वतःच्या लहानपणाचें असें एखादें खोकें पुष्कळ घरीं असतें. तें घेऊन माणूस मोठ्या आशेनें पारख्याकडे जातो. कधीं घराचें कर्ज फिटावें एवढी रक्कम हातीं येईल अशी कल्पना असते, कधीं मुलीच्या शिक्षणाची. पारखी वरचीं पांच-दहा कार्डें पाहतो, खोकें बंद करतो आणि मुलांना खेळावयास द्या म्हणून सांगतो. एक खोकें लक्षावधींचें ठरतें व दुसरें रद्दीचें, तें कां, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

बेसबॉल हा खेळ ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, क्रिकेटनें आपल्याकडे मनाची जी जागा व्यापली आहे तीच अमेरिकेंत पिढ्यान्‌पिढ्या या खेळानें व्यापली. अशा खेळांतील वीरांचीं चित्रें व्यापाऱ्यांच्या उपयोगीं पडावींत हें ओघानेंच आलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटच्या मऊ पाकिटांत ताठपणा यावा म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालीत असत. त्यावर चित्र छापलें तर गिऱ्हाईक पुढचें चित्र मिळविण्यासाठीं पुढचें पाकीट घेईल, ही युक्ति लौकरच सुचली. इंग्लंडांत विल्स कंपनीनें १८९६ सालीं पन्नास क्रिकेटपटूंची माला काढली ती याच हेतूनें. अमेरिकेंत या प्रकाराचा कळस झाला तो १९०९ ते १९११ या काळांत. अमेरिकन टोबॅको कंपनीनें त्या तीन वर्षांत जीं कार्डें काढलीं त्यांचे सव्वापांचशेंच्या आसपास निरनिराळे प्रकार संग्राहक मोजतात. रुंदी दीड इंचाला किंचित् कमी, उंची अडीच इंचांना थोडी अधिक, पुढें खेळाडूचें रंगीत शिळाछापाचें चित्र व पाठीमागें सिगारेटची जाहिरात. जाहिरात एकाच नांवाची नसे. कंपनीच्या पोटांत अनेक छाप होते, ‘पीडमाँट’, ‘स्वीट कॅपोरल’ हे सर्वांत खपणारे. ‘हिंदु’ या नांवाचाही एक छाप त्यांत होता, हें ऐकून श्रोत्यांस मौज वाटेल. पीडमाँटच्या पाठीपेक्षां हिंदूची पाठ विरळा सांपडते, म्हणून तोच खेळाडू, तेंच चित्र, पण मागें हिंदूचें नांव असलें तर संग्राहक अधिक पैसे मोजतो.

या मालेला आज ‘टी-२०६’ असें जें रुक्ष नांव आहे तें न्यूयॉर्क राज्यांतील सिराक्यूज येथल्या जेफर्सन बर्डिक या गृहस्थांनीं दिलेलें आहे. ते एका कारखान्यांत नोकरीस असत. संधिवातानें हात आंखडत चालले असतांही त्यांनीं छापील कार्डांची जी सूची रचली ती अजूनही या क्षेत्रांतील पंचांग आहे. तींतील ‘टी’ म्हणजे तंबाखू. त्यांच्याकडे पुढें पुन्हां यावयाचेंच आहे.

आतां मोलाकडे वळूं. पहिला गैरसमज वयाचा. जुनें तेवढें सोनें ही समजूत नाण्यांच्या, पोथ्यांच्या आणि भांड्यांच्या बाबतींत जशी फसवी आहे तशीच येथेंही. एखाद्या फारशा नांव न काढलेल्या खेळाडूचें १९१० सालचें झिजलेलें कार्ड, शंभर वर्षें उलटून गेलीं तरी, बेताच्या किंमतींत मिळूं शकतें. उलट १९५२ सालच्या एका कार्डास २०२२ सालीं १ कोट २६ लक्ष डॉलर आले. तें कार्ड न्यूयॉर्कच्या यँकीज संघाच्या मिकी मँटल या खेळाडूचें, टॉप्स कंपनीनें चघळावयाच्या गोंदाबरोबर विकलेलें. गंमत अशी कीं तें मँटलचें पहिलें कार्डही नव्हे. पहिलें बोमन कंपनीनें १९५१ सालींच काढलें होतें. तें दुर्मिळांतलें दुर्मिळ आहे असेंही नाहीं. छपाईच्या पत्र्यावर मँटलचें चित्र दोनदां बसविलें होतें, त्यामुळें त्याच्या शेजारच्या अप्रसिद्ध खेळाडूंपेक्षां त्याच्याच प्रती अधिक निघाल्या. मग एवढी किंमत कशाची? हवें असणाऱ्यांची संख्या असलेल्या प्रतींच्या कितीतरी पट आहे, हें एक. आणि ती विशिष्ट प्रत जवळजवळ छापखान्यांतून नुकतीच बाहेर पडावी अशी होती, हें दुसरें.

त्या मालेंतील शेवटची फेरी हंगाम संपतां संपतां बाजारांत आली, तोंवर मुलांचें लक्ष दुसऱ्या खेळाकडे गेलें होतें आणि पेट्याच्या पेट्या वखारींत पडून राहिल्या. मालेचा कर्ता साय बर्जर म्हातारपणीं सांगत असे कीं, १९६० सालीं त्यानें तो न खपलेला माल नावेंत भरून न्यूजर्सीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रांत बुडविला. त्या दिवशीं कागदाचा तो भार नकोसा झाला होता व जागा मोकळी हवी होती, एवढाच त्यामागचा विचार.

दुर्मिळपणा कोठून येतो हेंही पाहण्यासारखें आहे. होनस वॅग्नर हा पिट्सबर्गचा खेळाडू. १९३६ सालीं बेसबॉलच्या सन्मानमंदिरांत जे पहिले पांच खेळाडू घेतले गेले त्यांतला एक. तंबाखूच्या त्या मालेंत त्याचें कार्ड छापण्यास आरंभ झाला आणि थोड्याच अवधींत थांबला, कारण त्यानें स्वतःच मनाई केली. मुलांनीं चित्रासाठीं तंबाखू घ्यावी हें त्यास रुचलें नाहीं, असें कोणी सांगतात. पैशांचें जमलें नाहीं, असें कोणी म्हणतात. तो स्वतः तंबाखू चघळीत असे ही गोष्ट दुसऱ्या पक्षाचे लोक हंसत हंसत पुढें करतात. कारण कांहींही असो, पांच-सहा डझनांच्या आसपास प्रतीच आज माहीत आहेत. बर्डिक यांच्या सूचींत बाकीचीं कार्डें सेंटांच्या हिशेबांत असतां वॅग्नरपुढें ५० डॉलर हा आंकडा होता, आणि त्या काळीं तोच लोकांना वेडेपणाचा वाटे. २०२२ सालीं त्याची एक प्रत ७२ लक्ष ५० हजार डॉलरांस खाजगी रीतीनें विकली गेली. ती प्रत कांहीं निर्मळ नव्हती, दहांपैकीं दोनच गुण मिळालेली होती.

दुसरें उदाहरण अधिक मौजेचें आहे. बॉस्टनच्या गाउडी कंपनीनें १९३३ सालीं गोंदाबरोबर २४० कार्डांची माला काढली. पोरें एकेक क्रमांक जुळवूं लागलीं, पण १०६ वा क्रमांक कोणासच मिळेना. तो मुळीं छापलाच नव्हता! तो शोधण्यासाठीं मुलें गोंदाचीं पाकिटें घेतच राहिलीं. अखेर ज्यांनीं तक्रारीचीं पत्रें लिहिलीं त्यांना कंपनीनें पुढच्या वर्षीं नॅप लाजवे याचें १०६ क्रमांकाचें कार्ड छापून टपालानें धाडलें. पत्राला तें टांचणीच्या तारेनें अडकविलेलें असे, म्हणून आज त्यांतल्या पुष्कळ प्रतींवर त्या तारेचा दाब दिसतो. इतर कोठें असा डाग दोष मानतील. येथेंही गुण कापले जातात, पण तो डाग पाहून जाणत्याच्या चेहऱ्यावर हंसूं उमटल्यावांचून राहात नाहीं.

छपाईच्या चुकांविषयींही असाच विवेक लागतो. चुकीची प्रत म्हणजे मोलाची, हा सरसकट नियम नव्हे. १९०९च्या मालेंत मगी नांवाच्या खेळाडूच्या नांवाची अक्षरें चुकलीं. चूक लक्षांत येतांच छापखान्यानें ती सुधारली, म्हणून चुकलेल्या थोड्या प्रतींस भारी किंमत आली. १९५७ सालीं टॉप्सच्या हँक आरनच्या कार्डावर छायाचित्राची कांच उलटी बसली आणि उजवा खेळाडू डावखुरा झाला. परंतु ही चूक कोणीं सुधारलीच नाहीं, सगळ्याच प्रती तशा निघाल्या. सबब त्या चुकीपायीं एक सेंटही अधिक मिळत नाहीं.

नामांकित खेळाडू आणि थोड्या प्रती हें जमून आल्यावर प्रश्न उरतो तो स्थितीचा, आणि खरी कसोटी तेथें लागते. पारखी आधीं कार्ड सपाट ठेवून चित्राभोंवतालची पांढरी चौकट पाहतो. डावीकडे व उजवीकडे, वर व खालीं ती सारखी असली पाहिजे. छापखान्यांत मोठा ताव कापतांना पातें जरा सरकलें तर चित्र एका अंगास झुकतें. एका बाजूची पट्टी तीन भाग व दुसरी दोन भाग असेल तर ती साठ-चाळीस म्हणावयाची. मालकानें कितीही जपलें तरी हा जन्मजात दोष जात नाहीं. मग भिंगाखालीं चार कोपरे येतात. नुसत्या डोळ्यास टोंकदार वाटणारा कोपरा भिंगाखालीं कापसासारखा पिंजलेला दिसतो. नंतर कडा. ज्या मालांच्या कडा गडद रंगाच्या आहेत, उदाहरणार्थ टॉप्सची १९७१ सालची काळ्या चौकटीची माला, त्यांत नखाएवढा टवका उडाला तरी खालचा पांढरा कागद चांदण्यासारखा उघडा पडतो. सर्वांत शेवटीं पृष्ठभाग. दिव्याखालीं कार्ड तिरकें धरून हळूहळू फिरवितात तेव्हां समोरून न दिसणारी केंसासारखी मोड उजेडांत येते. पाठीवर मेणकापडी वेष्टणाचा डाग, पुढें गोंदाचा डाग, पेन्सिलीची खूण, टांचणीचें भोंक, रबरी पट्ट्यानें कडेस पडलेला खळगा हीं सर्व नोंदलीं जातात.

या प्रत्येक खुणेमागें एक मूल आहे. १९५०-६०च्या सुमाराचीं मुलें हीं कार्डें कपडे वाळवावयाच्या चिमट्यानें सायकलीच्या चाकाशीं अडकवीत, म्हणजे चाक फिरतांना आऱ्यांवर फडफड आवाज होऊन सायकल मोटारीसारखी वाजे. भिंतीशीं कार्ड उडवून जिंकावयाचे खेळ होते. आवडत्या खेळाडूचें कार्ड उशाखालीं जाई. मालेंतील सर्व नांवांची यादी असलेलें एक कार्ड असे, त्यावर मिळालेल्या नांवांपुढें मुलें पेन्सिलीनें खुणा करीत. तशी खूण करावी म्हणूनच तें छापलेलें होतें, परंतु आज बिनखुणेची यादीच भाव खाते. ज्याच्यावर मुलाचें प्रेम अधिक तें कार्ड अधिक झिजलें, आणि जें कोणीं विचारलें नाहीं तें कोरें राहिलें. मँटलच्या कोऱ्या प्रती एवढ्या थोड्या कां, याचें पुष्कळसें उत्तर यांत आहे.

स्थितीपायीं किंमत अशी अनेक पटींनीं चढते म्हटल्यावर हात चालविणाऱ्यांची कमतरता कशी असेल? झिजलेल्या कडा धारदार पात्यानें किंचित् कातरल्या कीं कोपरे पुन्हां टोंकदार होतात. मोडी दाबून सपाट करतात, उडालेला रंग बारीक कुंचल्यानें भरतात, पेन्सिलीच्या खुणा खोडतात. संग्राहकांच्या जगांत हें सारें पाप आहे. कातरलेलें कार्ड ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे त्याच मालेच्या खात्रीच्या प्रतीवर तें ठेवून पाहणें. परंतु मुळांत थोडें मोठें कापलेलें कार्ड कातरून मापांत आणलें असेल तर हा उपाय लंगडा पडतो, आणि मग कडेकडे पाहावें लागतें. शंभर वर्षांची कड हवेनें, धुळीनें व बोटांनीं थोडी मळलेली, थोडी मऊ झालेली असते. पुढचा भाग जुनाट आणि कड मात्र कालची, असें दिसलें कीं शंका घ्यावी.

सबंध खोटें कार्ड ओळखणें त्या मानानें सोपें. १९०९च्या मालेंतलीं चित्रें शिळाछापाचीं, प्रत्येक रंग वेगळ्या शिळेनें उमटविलेला, आणि खालचें नांव सलग शाईचें. अलीकडच्या यंत्रावर काढलेली नक्कल भिंगाखालीं धरली तर अक्षरेंदेखील रांगेनें मांडलेल्या बारीक रंगीत ठिपक्यांचीं बनलेलीं दिसतात. दुसरी परीक्षा अतिनील दिव्याची. साधारण १९५० पूर्वींच्या कागदांत उजळपणा आणणारीं रसायनें घालीत नसत, पुढें तीं सर्रास आलीं. अंधारांत हा दिवा धरतांच १९१० सालचें म्हणविणारें कार्ड निळसर पांढरें चमकूं लागलें, तर त्याच्या वयाविषयीं अधिक चर्चा करण्याचें कारण राहात नाहीं. लबाड लोक नकलेवर चहाचें पाणी फिरवून तिला म्हातारी करतात, पण अशी मळकट छटा सर्वत्र सारखी बसते. खरें वय कोपऱ्यांत व कडांस आधीं दिसतें.

लबाडीहून अधिक नुकसान मात्र भाबडेपणानें होतें. वडिलांचें खोकें सांपडलें कीं मुलगा आधीं ओलें फडकें घेतो! आपल्याकडे घरांतील जुनें नाणें चिंच लावून लखलखीत करून आणणारा माणूस पाहिला म्हणजे नाण्यांचा जाणता कपाळावर हात मारतो, तशांतलाच हा प्रकार. ओल्या बोटानें पुसलेला डाग पसरतो, चकाकी जाते व कागद फुगतो. वहींत चिकटविलेलें कार्ड खेंचून काढलें तर पाठीचा पापुद्रा वहींतच राहतो. तंबाखूचीं जुनीं कार्डें स्वच्छ पाण्यांत भिजवून अनुभवी माणसें वहीपासून सोडवितात, आणि त्यांत रसायन नसल्यास बहुतेक संग्राहक आक्षेप घेत नाहींत. पण तें काम अनुभवी माणसाचें. घरच्या माणसानें करावें तें एवढेंच कीं हात कोरडे ठेवावे, कार्डें कडांनीं धरावींत, रबरी पट्टा बांधूं नये, ऊन व ओल यांपासून तीं दूर ठेवावींत, आणि जशीं सांपडलीं तशींच दाखवावींत. २०१६ सालीं एका घरच्या आवराआवरींत कागदाची एक चुरगळलेली पिशवी कचऱ्यांत जातां जातां वांचली. तींत टाय कॉबचीं सात कार्डें होतीं, पाठीवरही टाय कॉबच्याच नांवाची तंबाखू असलेलीं. तोंवर तशा प्रती जगांत पंधराच्या आसपास माहीत होत्या.

किंमतींचा बाजार पद्धतशीर झाला तो गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत. जेम्स बेकेट हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक. दुकानदार काय मागतात यापेक्षां प्रत्यक्ष विक्री काय भावानें होते हें गोळा करून त्यांनीं सहकाऱ्यासह १९७९ सालीं किंमतींची पुस्तिका काढली. पुढें १९८४ पासून मासिकच सुरू झालें. आंकडे छापले गेले आणि मुलांच्या खेळण्याला शेअरबाजाराची कळा आली. कंपन्यांनीं हें पाहिलें. १९८७च्या आसपासपासून पांच-सहा वर्षें कार्डांचा असा पूर आला कीं ज्यास सीमा नाहीं. अनेक बापांनीं न उघडलेल्या पेट्या मुलांच्या कॉलेजच्या खर्चासाठीं म्हणून कपाटांत ठेवल्या. सर्वांनींच जपून ठेवल्यामुळें दुर्मिळ होण्यासारखें त्यांत कांहीं उरलेंच नाहीं. भाषणाच्या आरंभीं जो माणूस निराश होऊन परतला त्याच्या खोक्यांत बहुधा याच काळचा माल असतो.

याच वाढत्या उलाढालींतून १९९१ सालीं गुण देणाऱ्या संस्थेचा धंदा जन्मास आला. मालकानें कार्ड पाठवावयाचें, तज्ज्ञांनीं तपासून एक ते दहा असा आंकडा द्यावयाचा व कार्ड प्लास्टिकच्या डबींत कायमचें बंद करावयाचें. कातरलेल्या कार्डास आंकडा न देतां तें केवळ अस्सल आहे एवढेंच लिहून देतात. या व्यवस्थेनें दूरच्या अनोळखी माणसाशीं व्यवहार करणें शक्य झालें, हें मान्य केलें पाहिजे. परंतु आठ आणि नऊ या आंकड्यांमध्यें भिंगाखालचा एखादा तंतु असतो व बाजारांत मात्र हजारों डॉलर असतात. शिवाय कार्डाचें मोल जसें अधिक तसें तपासणीचें शुल्कही अधिक, ही रीत कोणत्याही शहाण्या गृहस्थास खटकेल.

त्या नव्या संस्थेनें पहिला क्रमांक ज्या कार्डास दिला तें एक वॅग्नरच होतें. १९८५ सालीं बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्यानें तें २५ हजार डॉलरांस घेतलें आणि दोन वर्षांनीं १ लक्ष १० हजारांस विकलें. १९९१ सालीं आइस हॉकीचा विख्यात खेळाडू वेन ग्रेट्स्की व त्याचा भागीदार यांनीं लिलावांत ४ लक्ष ५१ हजार डॉलर मोजले. त्यास आठ गुण मिळाले. इतर बहुतेक वॅग्नर दुमडलेले, झिजलेले, आणि हा एकच तलवारीसारख्या कडांचा. १९९६ सालीं ६ लक्ष ४१ हजार ५००, २००० सालीं १२ लक्ष ६५ हजार, आणि २००७ सालीं २८ लक्ष. प्रत्येक वेळीं नवा मालक, प्रत्येक वेळीं तोच आंकडा आठ. या कडा फारच चांगल्या आहेत अशी कुजबूज कांहीं जुने संग्राहक पहिल्यापासून करीत होते, परंतु डबीवर छापलेल्या आंकड्यापुढें त्यांचें कोण ऐकतो? २०१३ सालीं मॅस्ट्रोवर लिलावांतील फसवणुकीचा खटला चालला तेव्हां त्यानें कबुलीजबाब दिला, आणि त्यांत हें कार्ड आपणच कातरलें होतें हेंही मान्य केलें. पुढें त्यास कारावास झाला. ज्या कार्डाच्या जोरावर गुणदानाच्या नव्या शास्त्राची प्रतिष्ठा उभी राहिली तेंच कातरलेलें निघालें.

तेव्हां एखाद्या खोक्याचा अंदाज करावयाचा तर जाणता मनुष्य कोणत्या क्रमानें जातो? तो आधीं साल व माला ठरवितो. त्यासाठीं पाठीवरचा मजकूर व लांबी-रुंदी पुरते, १९५७ पासून टॉप्सचीं कार्डें अडीच गुणिले साडेतीन इंच या मापाचीं झालीं आहेत. मग नामांकित खेळाडू वेगळे काढतो, मग स्थिति पाहतो, आणि सर्वांत शेवटीं त्याच कार्डाची, त्याच स्थितीची प्रत गेल्या कांहीं महिन्यांत प्रत्यक्ष किती रुपड्यांस गेली तें शोधतो. मागितलेली किंमत त्याच्या लेखीं शून्य. विकून झालेली तेवढी खरी. आणि तीही विकणाऱ्याच्या हातीं संपूर्ण पडत नाहीं. लिलावांत छापून येणाऱ्या मोठ्या आंकड्यांत खरीदणाऱ्याकडून घेतलेला पेढीचा भाग, बहुधा २० टक्क्यांच्या आसपास, मिळविलेला असतो. दुकानदारास विकावें तर त्यास पुन्हां विकून पोट भरावयाचें असतें, तो पूर्ण भाव कसा देईल? विधवा बाईनें नवऱ्याचा संग्रह पहिल्याच दुकानीं मांडावा आणि दुकानदारानें एक चांगलें कार्ड उचलून बाकीच्याचा काटा करावा, असे प्रकार घडतात. म्हणून दोन ठिकाणीं दाखविल्यावांचून हातचें सोडूं नये, आणि निवडक चार कार्डें वेगळीं मागणाऱ्यास सबंध खोक्याचा भाव आधीं विचारावा.

बर्डिक यांची हकीकत सांगावयाची राहिली. आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमला देण्याचें त्यांनीं ठरविलें. तीन लक्षांहून अधिक छापील कागद, त्यांत तीस हजारांवर बेसबॉलचीं कार्डें. नोकरींतून मोकळे झाल्यावर ते संग्रहालयाच्या एका कोपऱ्यांत टेबलाशीं बसून, वांकड्या झालेल्या बोटांनीं, एकेक कार्ड वह्यांत चिकटवीत व त्याचा क्रमांक लिहीत. बाजाराच्या दृष्टीनें गोंद लावणें म्हणजे कार्डाचा घात. १९६३च्या जानेवारींत तें काम संपलें आणि मार्चमध्यें ते वारले. त्या वह्या संग्रहालयांत आहेत, व त्यांच्या संग्रहांत वॅग्नरही आहे. त्यास गुण देण्यासाठीं तें कोणीं कोठें पाठविलेलें नाहीं.